देवाची वाणी ओळखायची कशी? परदेशी नोकरीच्या पेचात सापडलेल्या एका नर्सताईंच्या प्रश्नाला उत्तर

एका ताईंनी विचारलं आहे: "मी नर्स आहे. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलची ऑफर आली आहे, महिनाभरात कळवायचं आहे. इथे आई एकटी असते. मी रोज बायबल वाचते, प्रार्थना करते, पण देव माझ्याशी बोलतोय असं मला कधीच जाणवत नाही. मंडळीतल्या बाकीच्यांना तो काही ना काही सांगत असतो. गेल्या प्रार्थनासभेत एका मावशींनी सगळ्यांसमोर सांगितलं की, 'तिने जाऊ नये, असं प्रभूने मला दाखवलं.' मला काहीच का ऐकू येत नाही? माझा विश्वास कमी पडतोय का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी बोच तिथे आहे. नाही, तुमचा विश्वास कमी पडत नाही. मी पाळक म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे, रिट्रीटमध्ये लोकांसोबत बसलो आहे. "मला काहीच ऐकू येत नाही" असं म्हणणारी माणसं बहुधा मनापासून ऐकणारी असतात. ज्यांना ऐकण्याची पर्वा नाही, त्यांना हा प्रश्नच पडत नाही.

पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचा, पण लहानपणी संडेस्कूलमध्ये ऐकला तसा नको, सावकाश वाचा. लहान शमुवेल मंदिरातच झोपलेला आहे, कराराच्या कोशाजवळ. देव त्याला हाक मारतो आणि तो याजक एलीकडे धावतो. एकदा नाही, तीनदा. आवाज कानावर पडतोय, तरी तो कोणाचा हे त्याला कळत नाही. शास्त्रलेख त्याला दोष देत नाही. परमेश्वराची ओळख त्याला अजून झाली नव्हती, एवढंच साधेपणाने सांगतो. एलीसारख्या म्हाताऱ्या, मुरलेल्या याजकालासुद्धा तिसऱ्या खेपेला उमगलं. आणि एलीने काय केलं? देव काय म्हणतोय हे मुलाला स्वतः सांगितलं नाही. परत जाऊन झोप, पुन्हा हाक आली तर "बोल, तुझा दास ऐकत आहे" असं म्हण, एवढंच शिकवलं. दुसऱ्याला देवाची वाणी ऐकायला मदत करायची म्हणजे काय, ते मला या एका ओळीत दिसतं. मावशींविषयी पुढे बोलणारच आहे, तेव्हा एली लक्षात असू द्या.

आता "प्रभू माझ्याशी बोलला" या आपल्या सभांमधल्या भाषेबद्दल. ती खोटी नाही, पण फार आखडती आहे. कोणी असं म्हटलं की मी विचारतो, "नक्की काय घडलं ते जरा सांगा." मग कळतं की वाचताना एक ओवी मनाला भिडली, किंवा आठवडाभर एकाच माणसाची आठवण येत राहिली, किंवा एखादं काम हाती घ्यायचं ठरवल्यावर बरेच दिवसांची तगमग थांबली. कधी उपदेशातलं एखादं वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं. कानांनी शब्द ऐकलेला माणूस फार विरळा. साक्ष देताना हे सगळं आटपून "प्रभू म्हणाला" एवढंच उरतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यांना फोनच येतो. तुम्हालाही हे अनुभव आलेले असणार. ते तुम्ही देवाच्या खात्यावर मांडले नाहीत, इतकंच. रात्रपाळीला एखाद्या रुग्णाजवळ पाच मिनिटं जास्त थांबावंसं वाटलं, थांबलात, आणि नंतर कळलं की त्याला त्या वेळी कोणीतरी हवंच होतं. असं तुमच्या कामात घडलंच नसेल, हे मला पटत नाही.

तुमच्याच कामातला दाखला देतो. आयसीयूत नवीन आलेल्या नर्सला सगळे मॉनिटर सारखेच वाजतात असं वाटतं. काही महिने गेले की कोणता आवाज सैल झालेल्या वायरचा आणि कोणत्या आवाजाला धावायचं, हे मान न वळवता कळतं. कान तेच, सवय नवी. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, "माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात." मेंढरांना ही ओळख एका दिवसात होत नाही. ती रोज त्याच्यामागे चालतात, त्याच्या हातचं खातात, म्हणून त्यांना ती कळते. मोठा निर्णय समोर आला की मगच कान लावायचा, अशी आपली खोड असते. खरं तर ओळख व्हायची ती बिननिर्णयाच्या, साध्या दिवसांत.

ती सुरू होते वचनातून. आणि इथे एक गोष्ट मी ठामपणे सांगतो, कोणाला रुचो न रुचो. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलतो, ती आनंदाने उचलावी, घरात लावावी. पण चिठ्ठ्या उचलणं किंवा डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवणं, ही ऐकण्याची रीत नव्हे. आयर्लंडचा निर्णय असा घेऊ नका. अब्राहामाला देश सोडायला सांगितलेली ओवी निघाली तर जायचं आणि "या देशात वस्ती कर" ही निघाली तर राहायचं, यात देवाला जाणून घेण्याचा भाग काहीच नाही.

त्याऐवजी असं करा. मार्काच्या दहाव्या अध्यायाचा शेवट घ्या, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट. पहाटेच बसलं पाहिजे असं नाही. रात्रपाळी करून आल्यावर पहाटेची प्रार्थना म्हणजे डुलक्या. झोप झाल्यावर, चहा झाल्यावर बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. उतारा मोठ्याने वाचा, हळू वाचा. मग डोळ्यांसमोर आणा: यरीहोबाहेरची वाट, धूळ, गर्दी, कडेला बसलेला माणूस. त्याला गप्प बसवणारे लोक बघा. ते वाईट लोक नाहीत, येशूबरोबर चाललेलेच लोक आहेत. मग येशू थांबतो आणि डोळे नसलेल्या माणसाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हे का विचारावं लागलं, दिसतच नव्हतं का, असा प्रश्न पडला तर तिथेच थांबा. पुढे सरकू नका. हाच प्रश्न तो तुम्हाला विचारतोय असं समजून उत्तर द्या, आणि खरं उत्तर द्या. "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो" हे प्रार्थनेतलं उत्तर आधी नको. "मला इथल्या पगाराचा आणि पाळ्यांचा वीट आलाय," "आईला टाकून गेले असं लोक म्हणतील याची भीती वाटते," असलं उत्तर द्या. ते दिलं की काही वेळ नुसतं बसा. काही सुचलं नाही तरी चालेल. उठण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: कुठे थांबले, काय बोलले, उठताना मन कसं होतं.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं मागे वळून दिवस बघा. आज कुठे जीव हलका झाला, कुणाशी बोलताना प्रेम आपोआप आलं, कुठे मन आक्रसलं, कडवट झालं. देवाला विचारत बघा, स्वतःची झडती घेत बघू नका. हेही वहीत. सुरुवातीला ही वही फार कंटाळवाणी वाटते. काही आठवड्यांनी सलग वाचली की मग त्यात सूर दिसायला लागतो.

ही वहीची गोष्ट माझ्या पदरची नाही. स्पेनमधला इग्नेशियस लोयोला हा सरदार घराण्यातला माणूस १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून पाय मोडून घरी पडला. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, घरात त्या नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा. एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, हे एक, आणि फ्रान्सिस, डॉमिनिक यांच्यासारखं सगळं सोडून अनवाणी यरुशलेमेला जायचं, हे दुसरं. दोन्ही रंगवताना त्याला सारखाच आनंद व्हायचा. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडतं, आणि दुसरं ओसरल्यावरही आनंद मागे राहतो. त्याची पुढची सगळी शिकवण या एका निरीक्षणावर उभी आहे. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर काय ठेवून जातो, ते बघा.

आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींना संतांचं नाव काढलं की जरा अवघडायला होतं. अवघडू नका. हे गलतीकरांच्या पत्रातल्या आत्म्याच्या फळाचंच रोजच्या जगण्यातलं रूप आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता.

इग्नेशियसचीच आणखी एक हकिकत तुमच्यासारख्या रात्रपाळीच्या माणसाने जपून ठेवावी अशी आहे. पुढे मान्रेसा गावात तो तासन् तास प्रार्थना करायचा, झोपेला थोडाच वेळ उरायचा. नेमका अंथरुणावर पडला की त्याला मोठमोठे आध्यात्मिक साक्षात्कार व्हायला लागायचे, फार गोड वाटायचं, आणि झोप जायची. त्याने विचार केला: देवासाठी दिवसभराचा वेळ ठरलेला आहे, मग हे नेमकं झोपेच्या वेळी का यावं? त्याने ते विचार बाजूला सारले आणि तो झोपला. पवित्र वाटणारी प्रत्येक गोष्ट देवाकडूनच येते असं नाही. तुम्हाला थकवून, कामातून उठवून टाकणारी "वाणी" असेल तर तिच्याकडे संशयाने बघायला हरकत नाही.

आता तुमच्या निर्णयाकडे येऊ. महिना आहे, तो पुरेसा आहे. काही दिवस असे जगा की "मी जाते" हे ठरलेलं आहे. कोणाला सांगू नका, पण मनाने तिथे जा: डब्लिनचा पाऊस, नवा वॉर्ड, रविवारची अनोळखी उपासना, रात्री आईचा फोन. रोज प्रार्थनेत ते देवापुढे ठेवा आणि वहीत नोंद करा. मग तितकेच दिवस "मी राहते" असं धरून जगा. पगार तोच, वॉर्ड तोच, आईजवळची संध्याकाळ. दोन्हींच्या नोंदी नंतर शेजारी ठेवून वाचा.

वाचताना एका फसगतीपासून जपा. शांती आणि सुटका सुरुवातीला एकसारख्याच लागतात. "राहायचं" ठरवल्यावर बरं वाटलं, ते व्हिसाची आणि परीक्षेची कटकट टळली म्हणून की खरोखर मन स्थिर झालं म्हणून? "जायचं" ठरवल्यावर हलकं वाटलं, ते इथल्या कुठल्या भांडणातून सुटणार म्हणून का? सुटकेचा हलकेपणा दोनचार दिवसांत विरतो, शांती अडचण समोर दिसत असतानाही टिकते. पकडला जाण्याआधीच्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला येशू आठवा. त्याला सुटका मिळाली नाही, तरी तो प्रार्थनेवरून उठला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं.

आणि सलग रात्रपाळ्यांनंतर, अंगात त्राण नसताना, प्रार्थना कोरडी ठक्क असताना काहीही ठरवू नका, ठरलेलं मोडूही नका. हाही इग्नेशियसचाच नियम, आणि माणसं मोडून पडलेली पाहिल्यावर मी तो आग्रहाने सांगतो.

वहीने कौल दिला तरी तो एकटा पुरत नाही, त्याला साक्षीदार लागतात. पहिला साक्षीदार शास्त्रलेख. तुमच्या बाबतीत तो आईविषयी बोलतो. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने अशा लोकांना खडसावलं की जे आईबापांना द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलं, असं सांगून मोकळे होत. देवाचं नाव पुढे करून आईला उघड्यावर टाकणं ही देवाची वाणी असू शकत नाही. पण त्याच येशूने वधस्तंभावरून आपल्या आईची सोय शिष्याकडे लावून दिली. सोय लावून देणं हेही प्रेमच. म्हणजे तुमचा प्रश्न नुसता "जाऊ की नको" असा राहत नाही. गेलात तर आईची सोय कोण, कशी करणार, आणि आईला स्वतःला काय हवंय? हे तुम्ही आईला विचारलंय का? तुमच्या पत्रात आईचं मत कुठेच नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे माणसं, पण निवडून. तुमच्या जाण्या-राहण्यात ज्यांचा स्वार्थ नाही, जी प्रार्थना करतात आणि ऐकलेलं पोटात ठेवतात, अशी दोन-तीन माणसं. प्रेषितांच्या कृत्यांत पंधराव्या अध्यायात यरुशलेमेची मंडळी लिहिते की "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले". त्याआधी तिथे भरपूर वादविवाद झाला होता, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोबाने शास्त्राचा आधार दिला. आत्मा त्या चर्चेतूनच बोलला. तेव्हा पगार, कर्ज, कराराची मुदत, रजेचे नियम यांचा कागदावर हिशेब मांडणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. बुद्धीही त्यानेच दिली आहे.

आता मावशी. त्या प्रेमाने बोलल्या असतील, तसंच समजा. पण कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात जवळजवळ तुमचाच प्रसंग आहे. सोर गावचे शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने पौलाला सांगतात, यरुशलेमेत जाऊ नकोस. पुढे अगब संदेष्टा कंबरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो की तिथे पौलाला असंच बांधतील. सगळे रडून विनवतात. तरी पौल जातो. पुढे संकट आहे, हे त्यांना बरोबर दिसलं होतं आणि तसं घडलंही. म्हणून जाऊ नये, हा निष्कर्ष त्यांच्या प्रेमाचा होता. शेवटी ते म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो, आणि गप्प राहिले. मावशींना काही खरंच दिसलंही असेल, कदाचित तुमच्या आईचं एकटेपण. ते लक्षात घ्या. पण त्यावरून काढलेला हुकूम तुमच्यावर बंधनकारक नाही. "सर्व गोष्टींची पारख करा" ही पौलाची आज्ञा मंडळीतल्या ज्येष्ठांच्या बोलण्यालाही लागू आहे, माझ्याही.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने बायबल वाचायचा आग्रह केला, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना जे ऐकू आलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ऐकू आलं नव्हतं. लक्ष्मीबाईंनी किती सोसलं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या पायांनी चालत आल्यावर. नवऱ्याला आलेली हाक बायकोच्या वतीने पुरली नाही. मग मावशींची कशी पुरेल?

कोरडेपणाबद्दल थोडं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की पुढची काही वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्या काळात त्या वाचत होत्या, काम करत होत्या, मुंबईत विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, त्यांनी त्याच काळात, १८८९ मध्ये उघडलं. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आत्म्याची जागृती झाली, मुली रडून, ओरडून प्रार्थना करत होत्या, सगळ्या जगात त्याची चर्चा झाली. रमाबाईंनी तिचं मनापासून स्वागत केलं आणि त्याच वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर अखेरपर्यंत, १९२२ पर्यंत, चालू ठेवलं. मोठा अनुभव आला म्हणून शब्दाशी बसणं त्यांनी सोडलं नाही. तुम्हाला अनुभव येत नाही म्हणून तुम्हीही सोडू नका.

एक गोष्ट तुमच्यासाठी नव्हे, पण हे वाचणाऱ्या कोणासाठी तरी: कानाला स्पष्ट आवाज ऐकू येत असेल, तो धमकावत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, झोप उडाली असेल, तर प्रार्थना चालू ठेवाच, पण आजच्या आज मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पाळकांनीही अशा माणसाला उपवासाला बसवू नये, सोबत घेऊन डॉक्टरकडे जावं.

आणि महिना संपला, वही भरली, माणसांशी बोलून झालं, आईशी बोलून झालं, तरी काहीच स्पष्ट नाही, असंही होतं. मग दोन्ही वाटा चांगल्या आहेत असं समजा आणि बुद्धीला जी अधिक प्रेमाची वाटते ती धरा. पौलाला कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आधी आसियात जाऊ दिलं नाही, मग बिथुनियातही नाही, आणि त्रोवसला पोहोचल्यावर मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. चालत होता म्हणूनच त्याला वळवता आलं. तुमची वाट चुकत असेल तर तुम्हाला वळवणं देवाला जड नाही, मग तुम्ही डब्लिनच्या वॉर्डात असा की इथल्या.

या आठवड्यात दोन कामं करा. आईजवळ बसा आणि ऑफरचं पत्र तिला वाचून दाखवा. आणि मावशींना एकटीने भेटा, सभेत नको. त्यांना म्हणा, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता त्याबद्दल आभारी आहे. तुम्हाला नक्की काय दिसलं ते सांगा, मी ते प्रार्थनेत ठेवीन. निर्णय मात्र मी आईशी बोलून घेईन, आणि तोपर्यंत हा विषय सभेत काढू नका, एवढी विनंती आहे." त्या रागावल्या तर रागावू द्या, आणि पुढच्या रविवारी त्यांच्याच बाकावर बसा.